भोंगा झाला नाही

“ती बघ, आमची म्हातारी. कशी जिलबी हाणतीय बघ.”

पुढच्या रांगेतला माणूस पडद्यावर बोट दाखवून आपल्या बायकोला सांगत होता आणि सगळा हॉल हसत होता. पडद्यावर मिलच्या मालकांच्या मुलीचं लग्न चाललं होतं. चित्र रंगीत, पण मुकं. बँडवाले गाल फुगवून जीव खाऊन वाजवत होते आणि आवाज शून्य. लोकांना त्याचीच गंमत वाटत होती. जो तो आपलं माणूस हुडकत होता. हा वाढपी म्हणजे किसनमामा, ही परकरातली म्हणजे मीच, असं चाललं होतं.

माझी आई मात्र खुर्चीच्या कडेवर बसून, पदराचं टोक दातात धरून बघत होती. तिलाही एक माणूस हवा होता. माझे आप्पा.

आमच्या घरात आप्पांचा तरुणपणीचा फोटो नाही. एक आहे तो शेवटच्या आजारातला, गालफडं बसलेला. आईला तो आवडत नाही. त्यामुळे पंचधारा पेपर मिलच्या मालकांची पणती पुण्याहून आलीय, मिलचा जुना कामगार हॉल पाडायच्या आधी त्यात घरच्या लग्नाची जुनी फिल्म दाखवणार आहे, हे कानावर आल्यापासून तिनं माझ्यामागं भुणभुण लावली होती.

“ने मला. कुठंतरी कोपऱ्यात दिसतील.”

“अगं, त्या दिवशी ते ड्यूटीवर होते. लग्नात कसे दिसतील?”

“जाता-येता दिसतील की. ने म्हटलं की न्यायचं.”

मी पिको-फॉल करणारी बाई. पायाखाली मशीन आणि दारात गिऱ्हाईक, वाद घालायला वेळ कुठला? नेलं. पण माझं मन होत नव्हतं. त्या गावात आम्हाला ‘या, बसा’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. हॉलमध्ये शिरलो तशी आमचं आडनाव घेऊन कुजबुज झाली, “ऐनापुऱ्याच्या आल्यात.” दोन बायकांनी खुर्च्या सरकवल्या. मला वाटलं आम्हाला जागा देतायत, तर त्या आमच्यापासून लांब सरकल्या. आणि नेमकी आमच्या पुढच्या खुर्चीत हौसाक्का.

हौसाक्का एकेकाळी आमची सख्खी शेजारीण होती. आई आणि ती एका चुलीवर भाकऱ्या थापायच्या. तिनं मान वळवून आईला एकदा बघितलं आणि पुढं तोंड केलं. तिची छाती वाजत होती, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. तो मला मागं बसून ऐकू येत होता. तिचा एकुलता एक मुलगा दिना, तो माझ्या आप्पांमुळे गेला असं ती धरून चालली होती. ती एकटी नाही, सगळं गाव धरून चाललं होतं.

ते कसं, ते सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पंचधारा मिलच्या वस्तीत घड्याळ कुणी बघायचं नाही. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. बॉयलर-हाउसच्या पत्र्यावर वाफेचा भोंगा होता आणि त्याची साखळी आत, खाली. ती साखळी ओढायचं काम आप्पांचं. पाळीचा भोंगा आखूड. पण दुसरा एक होता, लांब, थांबायचं नाव न घेणारा. मिलमध्ये कागद पांढरा करायला क्लोरीन वापरायचे. तो गॅस सुटला तर आप्पांनी लांब भोंगा द्यायचा आणि तो ऐकल्याबरोबर खालच्या चाळीतल्यांनी तोंडाला ओलं फडकं लावून टेकडीवर पळायचं. गॅस जड असतो, तो खाली उतरतो. हे कंपनीनं सगळ्यांना शिकवलं होतं, आम्हा पोरांना सुद्धा.

आणखी एक शिकवलं होतं. भोंगा झाल्याशिवाय घर सोडायचं नाही. थोडाफार वास तर रोजचाच असायचा. एकदा वासाला भिऊन चार घरं टेकडीवर पळाली, तर मॅनेजरनं त्यांचे खाडे मांडले आणि वर सगळ्यांसमोर त्यांना हसला. तेव्हापासून वास आला की लोक दारं-खिडक्या लावून घ्यायचे आणि भोंग्याकडं कान लावून बसायचे. खालच्या चाळीत त्याची सवयच झाली.

मालकांच्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशी पाळीचे भोंगे बंद होते. मंगलाष्टकांत भोंगा नको म्हणून घंटेवर पाळी बदलायची असं ठरलं. पण लांब भोंग्याला बंदी नव्हती. तसंच काही झालं तर खुशाल ओढ, असं मॅनेजरनं आप्पांना स्वतः सांगितलं होतं. आई मालकांच्या बंगल्याच्या परसात भांडी घासत होती. मी अकरा वर्षांची, जिलबीवर डोळा ठेवून तिच्याजवळ घुटमळत होते. पुढं बँड वाजत होता. आणि तिकडं मिलमध्ये गॅसची नळी फुटली.

खालच्या चाळीतली अकरा माणसं गेली. वास आला तशी त्यांनी दारं लावून घेतली आणि भोंग्याची वाट बघत बसली. भोंगा झालाच नाही. आप्पा बॉयलर-हाउसमध्ये बेशुद्ध सापडले. दवाखान्यात डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, “मी साखळी ओढली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला सरकारी साहेब आले. कंपनीनं त्यांच्यासमोर साखळी ओढून दाखवली. भोंगा असा वाजला की टेकडीपलीकडच्या गावातली माणसं बाहेर आली. झालं. वाजणारा भोंगा वाजला नाही, म्हणजे ओढणारा झोपला होता. मग त्यात दारू मिसळली गेली, लग्नाची पाजली असणार म्हणून. आप्पांनी जन्मात कधी तोंडाला लावली नव्हती. पण अकरा तिरड्या उठलेल्या गावाला हे कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

कामावरून काढलं. आम्ही आईच्या माहेरी आलो, नदीकाठी, चार कोसांवर. आप्पा मामाच्या पिठाच्या गिरणीत बसू लागले. ते कधी भांडले नाहीत. कुणी टोमणा मारला की पीठ झटकत एवढंच म्हणायचे, “मी साखळी ओढली.” पुढं मिल बंद पडली, मालक पुण्याला गेले, यंत्रं भंगारात गेली. आप्पांचं वाक्य तेवढं राहिलं. आणि मग तेही बदललं. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर ते विचारायला लागले, “मी ओढली होती न्हवं गं?”

इतकी माणसं इतकी वर्षं नाही म्हणतात म्हटल्यावर माणसाला स्वतःच्या हाताचाही भरवसा राहत नाही. मी म्हणायची, “होय आप्पा, ओढली होती.” मी काही तिथं नव्हते. पण माझा बाप म्हणतो ना, मग ओढली. आईला विचारलं की ती काहीतरी निमित्त काढून चुलीकडं जायची. मला वाटायचं, तिला ते सोसत नाही.

ते गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या करंजावर बसून बघत होते. जाणाऱ्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग घरच्यांनी एकेकानं पुढं होऊन बोलायचं, तुमचं अमुक आम्ही करू, तुम्ही सुखानं जा. मी म्हटलं, आईला सांभाळीन. मामानं हात जोडून काय काय कबूल केलं. ऊन चढलं. भटजी आईला म्हणाले, “आता तुम्हीच बोला काहीतरी.” आई पिंडाकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी मला आईचा फार राग आला होता. दोन शब्द बोलायला काय जात होतं हिचं?

तर असं ते सगळं मनात घेऊन मी त्या हॉलमध्ये बसले होते.

पडद्यावर पंगत उठली, नवरा-नवरी आली, गेली. आप्पा कुठंच नव्हते. मग चित्र डगमगलं. फिल्म काढणारा जिना चढून बंगल्याच्या गच्चीवर गेला असावा. वरून मांडवाचं छत दिसलं, फेटे दिसले, आणि मांडवाच्या पलीकडं मिल. धुराडं, आणि बॉयलर-हाउसचा पत्रा. आमच्यापैकी कुणीच मिल तिथून कधी बघितली नव्हती. त्या गच्चीवर आम्हाला कोण जाऊ देणार? आणि वस्तीतून वर बघितलं तर फक्त धुराडं दिसायचं.

पत्र्यावर भोंग्याच्या जागी काहीतरी बोचकं होतं.

“थांबवा,” मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मी उभी राहिले. “अहो, थांबवा ते. मागं घ्या.”

“ओ बाई, बसा की खाली. दिसत न्हाई,” मागून कुणीतरी म्हणालं.

मालकांची पणती लॅपटॉपशी बसली होती. गार्गी तिचं नाव, पंचविशीतली पोर. ती म्हणाली, “काय झालं काकू?”

“गच्चीवरून मिल दिसली बघा, तिथं घ्या. आणि थांबवून ठेवा.”

तिनं घेतलं. चित्र थांबलं. आता सगळ्यांनाच दिसत होतं. भोंग्याच्या तोंडात गोणपाट कोंबलेलं, वरून आणखी पोती गुंडाळलेली आणि ती दोरखंडानं आवळून बांधलेली. वर झेंडूची माळ सोडली होती, पाहुण्यांना गच्चीवरून वाईट दिसू नये म्हणून.

मिलचा जुना टाइमकीपर कोपऱ्यात बसला होता, तो हळूच म्हणाला, “सजावट असेल.”

“सजावटीला पोती बांधतात होय?” जिलबी खाणारी म्हातारी दाखवणारा तो माणूस म्हणाला. यावर कुणी हसलं नाही.

“मला कळलं नाही,” गार्गी म्हणाली. “त्यात काय आहे?”

तिला कुणी सांगेना. तिला खरंच ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग हौसाक्का खुर्चीचा आधार घेऊन उठली. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, “पोरी, ही नवरी तुझी कोण?”

“माझी आजी.”

“जिती हाय?”

“आहे की. पुण्याला असते.”

“मग लाव फोन. त्यो भोंगा कुणी बांधला ते विचार. आम्हालाबी ऐकू दे.”

गार्गीनं फोन लावला आणि माईकजवळ धरला. सगळा हॉल कान देऊन बसला. आधी खोकला ऐकू आला, मग एक खुशीतला, सुखवस्तू आवाज. “काय गं, दाखवली का फिल्म? आवडली का लोकांना?”

“आवडली. आजी, तुझ्या लग्नात मिलचा भोंगा बांधून ठेवला होता का गं?”

“हो तर. आमच्या वडलांनी, दादांनीच बांधायला लावला होता, मांडववाल्याच्या माणसांकडून. द्यायचा नाही असं सांगितलं होतं खाली, पण या लोकांचा काय भरवसा? ऐन मुहूर्तावर ओढायचा एखादा. रात्री लगेच सोडून टाकला तो. का गं?”

“रात्री? म्हणजे तो अपघात झाल्यावर?”

तोच आवाज, पण बारीक झालेला. “ते नको काढूस, बाळा. ते बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. तू आपली फिल्म दाखव.”

गार्गीनं फोन बंद केला. मी खाली बसले. म्हणजे आप्पांनी ओढली होती. वाफ वर जाऊन त्या पोत्यांत घुसमटली होती, आणि खाली बॉयलरच्या धडधडीत आप्पा ओढतच राहिले होते, गॅस नाकातोंडात जाऊन पडेपर्यंत. इतकी वर्षं मी त्यांना ‘होय’ म्हणत होते आणि ते खरं होतं. मला रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं. हे ऐकायला तो माणूस पाहिजे होता, आणि तोच नव्हता.

आजूबाजूची माणसं खाली माना घालून बसली होती. मघाशी खुर्च्या सरकवणाऱ्या बायकांतली एक पाण्याची बाटली घेऊन आली. मी ती घेतली नाही.

आई माझ्याकडं बघत नव्हती. पडद्याकडं बघत होती. “शालन,” ती म्हणाली, “उद्या सकाळी नदीवर जायचं. भात करून घेऊ, पिंडाला.”

“आता कशाला, आई? तिथीसुद्धा नाही.”

“मला जायचं हाय.”

आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर मागून तो शिट्टीसारखा श्वास ऐकू आला.

“तानू.”

इतक्या वर्षांत हौसाक्कानं आईचं नाव घेतलं नव्हतं. आई थांबली, पण वळली नाही. हौसाक्का एक पायरी उतरून तिच्या बाजूला आली.

“माझा दिना दारापतुर गेला होता गं,” ती म्हणाली. “‘आई, वास लई हाय, चल वर जाऊ’ म्हणत होता. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, भोंगा झाला न्हाई अजून, गप बस. पुन्ना उठला. पुन्ना धरला.”

आईनं पायऱ्यांचा कठडा धरला.

“तुझ्या नवऱ्याला शिव्या घातल्या म्हणून जगले, तानू. त्याला न्हाई घालायच्या, तर मग कुणाला घालायच्या होत्या? मलाच न्हवं?”

मी हौसाक्कावर चिडायचं ठरवून आले होते. आयुष्यभराचा राग होता. तो कुठं गेला कुणास ठाऊक. तिचा उजवा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता, तोच दंड धरणारा हात असावा.

आई मग वळली. तिनं हौसाक्काचा पदर नीट केला, लहानपणी माझा करायची तसा. “उद्या नदीवर ये,” एवढंच म्हणाली.

सकाळच्या पेपरात भोंग्याचा तो फोटो आला होता. गार्गीनंच दिला म्हणे, आजीशी भांडून. मामाच्या मुलानं पेपर आणून आईपुढं ठेवला. तिनं फोटो बघितला, बातमी वाचून दाखव म्हणाली नाही. भात मळून पिंड केला, वर काळे तीळ घातले आणि द्रोण घेऊन निघाली. घाटावर हौसाक्का आमच्या आधी येऊन बसली होती.

आईनं पिंड ठेवला. पाणी सोडलं. करंज अजून तिथंच होता आणि त्यावर दोन-तीन कावळेही होते.

“दहाव्याला तू माझ्यावर रागावली होतीस,” आई मला म्हणाली.

“जाऊ दे ते.”

“ऐक. त्यांना काय हवं होतं, मला ठाऊक होतं. एक वाक्य हवं होतं. पण मेलेल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिच्याकडं वळले.

“तुला खोटं वाटायचं?”

“आदल्या रात्री दोन पाळ्या केल्या होत्या त्यांनी. मला वाटायचं, डोळा लागला असेल. माणूसच हाय, लागतो डोळा. मी कधी त्यांना दोष दिला न्हाई, शालन. जेवायला वाढलं, हातपाय दाबले, सगळं केलं. पण ते विचारायचे तेव्हा माझ्यानं होय म्हणवायचं न्हाई. म्हणून उठून जायची.”

ती पिंडाकडं वळली. हात जोडले नाहीत. घरात बोलायची तशी बोलली, जरा मोठ्यानं, कारण शेवटी शेवटी आप्पांना कमी ऐकू यायचं.

“अहो, ऐकलं का? तुम्ही साखळी ओढली होती. तुम्ही ओढली होती.”

हौसाक्का पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “होय हो धोंडीरामभावजी. ओढली होती तुम्ही.”

आम्ही थोडं मागं सरकून उभ्या राहिलो. कावळे जागचे हलले नाहीत. एकानं पंख झटकले आणि पुन्हा बसला.

“शिवेल आता,” मी म्हटलं.

“शिवू दे न्हाईतर न शिवू दे,” आई म्हणाली. “अंथरुणावर पडून जित्या माणसानं विचारलं, तेव्हा मी चुलीकडं गेले. आता कावळ्याला सांगून काय?”

तिनं लुगडं झटकलं आणि चालायला लागली. हौसाक्का उठली नाही.

“तुम्ही व्हा पुढं,” ती म्हणाली. “मी बसते.”

“किती वेळ बसशील गं? ऊन होईल.”

“होऊ दे. बसते मी.”

आम्ही दोघी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलो. आईला दम लागत होता, मी तिचा हात धरला होता. वर आल्यावर ती थांबली.

“तू त्यांना होय म्हणायचीस, ते कशावरून गं? तू तर माझ्याजवळ होतीस, परसात.”

“ते म्हणत होते म्हणून.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि रस्त्याला लागली. देवळापाशी आल्यावर म्हणाली, “माझ्याकडनंबी तेवढंच पुरलं असतं त्यांना.”